पायमोडका ट

मिरजेत, मार्केटच्या मागच्या बोळात
सकाळी साडेसहाला मी पाट्या लिहितो.
पाटीला पाच रुपये, वर एखादी काकडी.
अक्षर छापखान्यातलं.
एकतीस वर्षं खिळे जुळवले,
उलटं वाचून सुलटं छापलं.
मग छापखाना गेला, बोटं राहिली.

टोमॅटो लिहायला बेरकी शब्द.
आमच्याकडं तो अर्धा चंद्र कधी पुरायचा नाही,
बँक, पॅकेट, कॅलेंडर सगळे त्याच्यावर टपलेले.
म्हणून जुन्या जाहिरातींत टोमेटो, टोम्याटो,
एकदा घाईत नुसताच टोमटो.
कुणी तक्रार केली नाही.

पाटीच्या अलीकडं एक शब्द, पलीकडं दुसराच.
हलिमा बागवान म्हणते टमाटा.
जतची निंगव्वा, टमाटी हण्णू,
आणि हण्णूवर इतका जोर
की आधी फळ हातात येतं, मग नाव.
अक्काताई मालगावे म्हणते तंबाटं.

तो टोमॅटो, पण ते तंबाटं.
पुण्याहून निघताना पुल्लिंगी होता,
कृष्णा ओलांडेपर्यंत
डोक्यावर टिंब घेऊन रताळं, गाजरं, पोरगं
यांच्यात जाऊन बसला.

"तांब्याच्या रंगाचं म्हणून तंबाटं,"
अक्काताई कळशीकडं बोट करते.
"त्याच्या आधी बेलवांगं म्हणायची.
आमची आत्ती शिवायची न्हाई त्याला,
मटणावानी दिसतंय म्हणं."

मी प्रुफं तपासलेला माणूस.
चूक दिसली की हात समासाकडं जातो.
इथं नाही गेला.
कळशी नुकती चिंचेनं घासलेली होती,
आणि रंग खरंच तोच होता.

खरं मूळ मला माहीत आहे,
कारण ते मी जुळवलं आहे.
भाजीपाल्यावरची एक चोपडी, बत्तीस पानं,
देशिंगकर मास्तरांची तळटीप, आठ पॉइंटात:
मेक्सिकोतल्या जुन्या लोकांची भाषा नाहुआत्ल,
तिच्यात टोमाट्ल, म्हणजे
फुगलेलं, टच्च भरलेलं फळ.

एका ओळीत दोन पाय मोडायचे.
पायमोडका त सापडला,
पायमोडका ट अख्ख्या केसमध्ये नाही.
मालक म्हणाले, "ल काढून टाक की. कोण बघतंय?"

स्पेनच्या गलबतांवरही नसणार तो खिळा.
त्यांनी ल समुद्रात सोडला, तोमाते केलं.
इंग्रजांनी शेवटी ओ लावला, पोटॅटोकडं बघून,
शेजारणीची बघून नथ घडवावी तसा.

मी दुपारभर बसलो.
कानशीनं एक ट बुडाशी घासला,
शिशाची बारीक तिरकी काडी बसवली.
छापताना ती अर्ध्या प्रतींत निसटली.
म्हणजे अर्ध्या प्रतींत बरोबर आहे.

येताना सतारमेकरांच्या गल्लीतून येतो.
दारात भोपळे वाळत टांगलेले,
तेही एके काळी टच्च भरलेले.
गर काढला, बिया काढल्या,
आता तार लावली की बोलतील.
शब्दातून काय काय काढतात
मला सांगता येत नाही.

परवा माल फार आला.
क्रेटवर क्रेट, भाव आठ रुपये,
कुणालाच घाई नाही.
मला काय वाटलं कोण जाणे,
हलिमाच्या पाटीवर मी सावकाश लिहिलं:
टोमाट्ल, ८.

शाळेला निघालेलं एक पोर थांबलं.
टो. मा. ट्... आणि जीभ टाळूला लागून राहिली,
मग सुटली, ल.
त्याला मजा वाटली. पुन्हा म्हणालं.
दप्तर सावरत पळालं, म्हणतच.

हलिमा म्हणाली, "चाचा, ये क्या लिख्या?
गिऱ्हाईक कू समजना नई क्या?"
खरं होतं तिचं.
अंगठ्याला थुंकी लावली, ल पुसला.
वर चंद्र काढला, कडेला ओ.

ल अंगठ्यावरच राहिला, पांढरा.
त्याच हातानं
दुपारी भाकरी मोडली,
तंबाट्याच्या चटणीबरोबर.